न वाजलेला फोन

सेजलचं पत्र येऊन महिना होत आला होता आणि महिपतरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. ते पत्र आता टेबलावर होतं. शेजारी लॅपटॉप होता, आणि तो उठत नव्हता.

उठायची वेळ टळून गेली होती. महिपतरावांनी पडद्याला हात लावला. काळा आणि थंड. बाहेर पाऊस परवापासून थांबला नव्हता. 

याच मॉडेलचा दुसरा लॅपटॉप पोलादपूरच्या वर, सावित्रीकाठच्या देवळाच्या खोलीत बसवला होता. सेजल तिथल्याच वाडीतली, नुकतीच इंजिनिअर झालेली. पावसाळ्यात तिकडे वीज टिकत नाही, म्हणून तिनं तो ट्रकच्या बॅटरीवर चालवला होता. बॅटरी पुरावी म्हणून तो झोपायचा, अर्ध्या तासानं उठायचा, नदीची पातळी मोजून पुन्हा झोपायचा. पाणी खुणेच्या वर गेलं तरच टेलिफोनच्या तारेवरून खाली तुडीलला, तिच्या मामाच्या घरी फोन लावायचा. फोन वाजला की तुडीलकर गुरं टेकाडावर न्यायचे.

त्याला झोपवणं आणि उठवणं हे काम महिपतरावांचं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर ते पुस्तकं वाचून हे शिकले होते. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. त्या कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राला झोपवणारा-उठवणारा छोटा प्रोग्रॅम, त्यांनी या जुन्या लॅपटॉपसाठी लिहिला. कुणी विचारलं तर म्हणायचे, "लिहिलंय काहीतरी. चालतं की नाही कोण जाणे."

पावसाळ्याआधी त्यांनी तो ड्रायव्हर साफसूफ करून सेजलला पुन्हा पाठवला. बदललं काहीच नव्हतं. चाचणीसाठी एक ओळ घातली होती, ती तेवढी काढली. यंत्र उठलं की ती पडद्यावर 'उठलो' असा शब्द छापायची. देवळातल्या बंद खोलीत तो वाचणार कोण? महिपतरावांना वायफळ बोलण्याची लाज वाटायची. स्वतःच्या तर फारच.

त्यानंतर सेजलचं पत्र आलं. 'काका, नवा ड्रायव्हर घातल्यापासून यंत्र कधी कधी झोपतं ते उठतच नाही. तुम्ही काही बदललंत का?'

उत्तर लिहायला ते रोज बसायचे. कारण सापडल्याशिवाय काय लिहिणार? कागद फाडून टाकायचे. त्यांच्या टेबलावरचा लॅपटॉप दरवेळी उठत होता. आजपर्यंत.

"भाऊ, हायसा का घरात?"

दारात पांडू उभा होता, सेजलचा मामा. डोक्यावर गोणपाट, काखेत पेंडीची पिशवी. तुडीलहून महाडच्या बाजाराला आला होता.

"फोन करू का घरला? चंपाला इचारतो, यंत्राचा फोन आला का."

महिपतरावांनी फोन पुढे सरकवला. पांडू बोलला आणि हसला. "म्हनते, सकाळधरनं वाजलाच नाय, वाजला तो ह्यो माजाच. बसलीय फोनला राखन. वाजला नाय म्हंजे वरती नदी गप हाय."

महिपतरावांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं. मग पत्राकडे. पत्रातली शेवटची ओळ त्यांना पाठ होती, पण आज ती त्यांनी पहिल्यांदाच वाचल्यासारखी वाचली. 'काही बदललं नसेल तर उत्तर नको. तुमचं पत्र आलं नाही की मी समजेन, चूक माझ्याच वायरिंगची.'

महिनाभर ती पोर वायरी उपसत बसली होती.

 त्यांनी पांडूच्या हातातून फोन घेतला. "वहिनी, महिपती बोलतोय. गुरं वर न्या. सगळ्यांना सांगा. आत्ता."

पांडू बघतच राहिला. "भाऊ, यंत्र तुमचं. आनि तुमीच त्याच्यावर इश्वास ठेवनार नाय?"

"माझं आहे म्हणूनच."

"पानी नाय आलं तर लोक मला हसतील की वो."

"मला हसू देत. माझं नाव सांगा."

पांडू गेल्यावर ते खुर्चीत बसून राहिले. पाणी आलं नाही तर काय, याची भीती होती. आलं तर काय, याची त्याहून जास्त. दुपारी नदी महाडच्या बाजारपेठेत शिरली. संध्याकाळी पांडूचा फोन आला. तुडीलचे गोठे आढ्यापर्यंत बुडाले होते. गुरं वर होती. "आनि भाऊ, त्या यंत्राचा फोन अजूनबी वाजला नाय बघा."

पाणी ओसरल्यावर, वीज आली तशी महिपतरावांनी काढलेली ओळ परत घातली. लॅपटॉप उठला. पुन्हा झोपवला, पुन्हा उठला. मग त्यांना उमगलं. तो शब्द उमटायला एक क्षण लागायचा. तेवढ्यात आतलं घड्याळ शुद्धीवर यायचं. शब्द गेला, तसा तो क्षणही गेला. अर्धवट झोपेतल्या घड्याळात ड्रायव्हर पुढचा गजर लावायचा आणि कधी कधी तो लागायचाच नाही.

त्यांनी फ्लॉपी तयार केली आणि पत्र लिहिलं. 'सेजल, तुझी वायरिंग बरोबर आहे. मी एक ओळ काढली होती, ती परत घातली आहे. आता एवढं कर. यंत्र दर वेळी उठलं की त्याला एकदा फोन वाजवायला सांग, नदी गप असली तरी. ज्या दिवशी वाजणार नाही, त्या दिवशी गुरं वर न्यायची.'

पोस्टात अजून चिखल काढत होते. पाकीट चिकटवण्याआधी महिपतरावांनी पत्र पुन्हा बाहेर काढलं. सहीच्या खाली थोडी जागा उरली होती. तिथे त्यांनी एक शब्द लिहिला, 'उठलो', आणि पाकीट पेटीत टाकलं.