समोरच्या घरी गेलेला डबा

तिसऱ्यांदा बेल वाजवायची की परत फिरायचं, हे नीलांबरीला ठरवता येत नव्हतं. ग्लोरियाचं दार तिच्याच दारासमोर होतं. मध्ये फक्त कॉरिडॉरमधलं राखाडी कार्पेट. आत टीव्ही चालू होता.

"शी इज होम, आई," आन्या म्हणाली. सात वर्षांच्या मुलीला आवाज खाली ठेवणं जमत नाही. "आय कॅन हिअर हर टीव्ही."

"हळू बोल. आणि मराठीत."

"मराठीत पण टीव्ही ऐकू येतोय."

दिवाळीला फराळाचा डबा दिला त्यानंतर ग्लोरिया भेटलीच नव्हती. दिसली मात्र होती. एकदा पार्किंगमध्ये नीलांबरीने हात केला, तर ती पुन्हा गाडीत बसून फोनमध्ये काहीतरी शोधू लागली. एकदा लिफ्टचं दार बंद होत होतं, तेव्हा आत तीच होती. तिने बटण दाबलं नाही.

"लोकांवर परिणाम होतोच," तिचा नवरा निमिष सकाळी म्हणाला होता. "रोज टीव्हीवर तेच. व्हिसावाले आले, आमच्या नोकऱ्या घेतल्या. ती तरी किती दिवस आपल्याला बनाना ब्रेड पाठवत बसणार?"

नीलांबरीचा दिवस आकडेवारी तपासण्यात जायचा. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नसतं, हे ती ऑफिसात रोज कुणाला तरी समजावत असे. निमिषला तिने ते सांगितलं नाही. तिलाही त्याच्यासारखंच वाटत होतं.

तिसऱ्या बेलला दार उघडलं. ग्लोरियाच्या अंगात विमानतळावरच्या गणवेशाचा शर्ट होता, पायात नुसते मोजे. आन्याकडे बघून ती हसली. नीलांबरीकडे तिने बघितलं नाही.

"एकच विचारते आणि जाते," नीलांबरी इंग्रजीत म्हणाली. "माझं काही चुकलं का? की आमच्यासारख्या लोकांबद्दलच तुम्हाला आता..." वाक्य पुढे सरकेना.

"तुमच्यासारखे म्हणजे?"

"टीव्हीवर चाललंय ना सगळं. व्हिसा वगैरे."

ग्लोरियाला कळायला क्षणभर लागला. कळलं तशी ती दाराच्या चौकटीला टेकली. "ओ हनी. नो, नो." ती आत गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. घासून, पुसून लख्ख केलेला.

"हा पडून आहे माझ्याकडे. तूच सांगितलं होतंस ना, तुमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत?"

"हो, पण..."

"खर्चाला मंजुरी मिळाली नाही म्हणून सरकार बंद आहे. आम्ही रोज कामावर जातो, लोकांच्या बॅगा तपासतो, आणि पगार येत नाही. लोणी, अंडी, अक्रोड... कुठून करू मी ब्रेड? तू समोर आलीस की मला आधी हा डबा आठवतो."

"पगार का नाही देत?" आन्याने विचारलं.

"वॉशिंग्टनमध्ये मोठ्या माणसांचं भांडण चाललंय."

"पण ते तर जवळच आहे. वी टुक द मेट्रो."

"हो ना. मेट्रो जाते तिथे. माझा आवाज काही पोचत नाही."

नीलांबरीला एकदम हलकं वाटलं, आणि त्या भरात ती बोलून गेली, "मग रिकामाच द्यायचा! त्यात काय एवढं?"

ग्लोरियाने डबा पाठीमागे धरला. "नाही. नियम आहे. आणि मला तो आवडतो."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"मी तुम्हाला अर्धाच नियम सांगितला," नीलांबरी म्हणाली. "घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात. माझी आई महिनाअखेरीला तेच करायची."

"आणि तेवढ्यावर चालतं?"

"चालतं. डबा भरलेला धरतात."

ग्लोरियाने आन्याकडे बघितलं. "खरं सांगतेय ही?"

"आय डोन्ट नो," आन्या म्हणाली. "आजीज रूल्स आर वीअर्ड."

ग्लोरिया हसत आत गेली. स्वयंपाकघरात एकामागून एक ड्रॉवर उघडल्याचे आवाज आले. ती आली तेव्हा तिच्या हातात कॉफीच्या दुकानात ठेवतात तशा साखरेच्या कागदी पुड्या होत्या. एक फाडून तिने डब्यात रिकामी केली. थोडा विचार करून दुसरीही. झाकण मात्र लावलं नाही.

"आता मी विचारते," ती म्हणाली. "तुमच्या दाराबाहेर मोठी खोकी होती. त्या व्हिसाच्या बातम्या मीही बघते. तुम्ही निघालात का?"

"ती खोकी हिच्या नव्या बेडची होती."

"म्हणजे नाही जात."

नीलांबरीला हो म्हणून मोकळं होता आलं असतं. आन्या वर बघत होती.

"माहीत नाही," ती म्हणाली. "निमिषचे कागद अडकलेत. उत्तर आलेलं नाही अजून."

ग्लोरियाने झाकण तळहाताने दाबून बसवलं आणि डबा नीलांबरीला न देता आन्याच्या हातात दिला. आन्याने तो कानाशी नेऊन हलवला. आत साखर अगदी बारीक आवाज करत इकडून तिकडे गेली.

"आता डबा तुमच्याकडे आहे," ग्लोरिया म्हणाली. "मला तो भरून हवाय. त्या काटेवाल्या गोल गोल असतात ना, त्या असतील तर उत्तम. आणि तो माझ्याकडे आल्याशिवाय कुणी कुठे जायचं नाही."