झऱ्याचं पाणी

"तुम्ही सांगितलंत तशा टाक्या रिकाम्या केल्या," हात झटकत साहेब म्हणाले.

घाटातल्या वळणावर त्यांची बसएवढी, आत राहायची सोय असलेली कॅम्पर व्हॅन बंद पडली होती. मी टोइंगवाला. "वजन कमी होईल, टाकीतलं पाणी सोडून द्या," एवढंच मी फोनवर म्हणालो होतो. क्रेनमधून उतरलो आणि नाक दाबलं. या बाबानं संडासाची टाकीसुद्धा रस्त्यावरच सोडली होती. घाणीचा लोट कठड्याखालून थेट खालच्या झऱ्यात उतरत होता. त्याच झऱ्यावर अख्खी वाडी पाणी भरते.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"जंगलच तर आहे. कोण बघतंय?"

मला शिसारी आली. तरी साखळी लावायला वाकलो. तेवढ्यात खालच्या पायवाटेनं त्यांची बायको वर आली. गाडीत प्यायला थेंब उरला नाही म्हणून ती झऱ्यावरून बाटली भरून आणत होती.

"काय गार पाणी आहे! दादा, घ्या, दमला असाल."

"आधी साहेबांना द्या," मी म्हणालो.

साहेबांनी बाटलीकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या ओघळाकडे. आणि चक्क हसले.

"मला तहान नाही गं. तूच पी."

तिनं झाकण उघडलं. मी बाटली तिच्या हातातून हिसकावली आणि साहेबांच्या तोंडापुढे धरली.

"बोला साहेब. तिला सांगताय, की पिताय?"