इंग्रजी शिकलेलं पिल्लू

“सिट, ऑस्कर!” प्रशिक्षकबाईंनी पुन्हा सांगितलं. पिल्लानं जांभई दिली.

“मी रोज शिकवलंय. कुत्र्यांना इंग्रजीच कळतं,” आमचे हे मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले.

खरंच होतं. संस्थेचं पिल्लू सांभाळून, शिकवून परत द्यायचं, ही समाजसेवा म्हणून ते ह्यांनीच आणलं. वर्षभर सोफ्यावर बसून त्याला इंग्रजी शिकवलं. शी-शू काढणं, फिरवणं एवढं मराठीतलं काम माझ्याकडे होतं.

आज परीक्षा पास झालं, तर ते मदतनीस कुत्रा म्हणून समोरच्या व्हीलचेअरवरच्या बाईंच्या घरी जाणार होतं. बाई नवऱ्यासोबत आल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या हातातून किल्ली पडली.

“अहो, किल्ली द्या ना त्यांना!” मी सवयीनं ओरडले.

दोन्ही नवरे आपापल्या मोबाइलमध्येच राहिले. पिल्लानं उठून किल्ली तोंडात धरली आणि बाईंच्या मांडीवर ठेवली.

मी ओशाळले. “घरात ‘अहो’ म्हटलं की हाच उठतो. ते आपलंच नाव वाटतं त्याला. सवय मोडता येईल.”

“मोडू नका,” बाई त्याचे कान कुरवाळत म्हणाल्या. “आमच्याकडे ‘अहो’ म्हटल्यावर उठणाऱ्याची जागा कधीची रिकामीच आहे.”