बारावी सुई

"अकरा," आई म्हणाली आणि मघाशीच शिवून बंद केलेल्या साळिंदराच्या पोटाचे टाके तिने पुन्हा उसवायला घेतले.

लेकीने घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा. बस एकची होती, बॅगा कधीच्या गाडीत जाऊन पडल्या होत्या आणि उद्या सकाळी आठच्या ठोक्याला तिला नव्या गावी, कपड्यांच्या कारखान्यात, कटिंगच्या टेबलाशी हजर व्हायचं होतं. बाहेर मामाने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला.

साळिंदर म्हणजे पिनकुशन. लेकीने सोबत न्यावं म्हणून आई सकाळपासून त्याच्या मागे लागली होती. पाठ तपकिरी लोकरी कापडाची, पोट जुन्या कोटाच्या अस्तराचं, आत लाकडाचा भुसा ठासून भरलेला. पाठीत सुया टोचल्या की तेच त्याचे काटे. तयार झालं तेव्हा ते साळिंदर कमी आणि बटाटा जास्त दिसत होतं. त्यातून एक डोळा कपाळावर आणि दुसरा पार गालावर.

"आई, हा तिरळा झालाय," लेक हसून म्हणाली होती.

"मुद्दाम केलाय. दोन्हीकडे लक्ष ठेवतो," आईने ठोकून दिलं होतं.

पण मग सुया मोजल्या आणि एक कमी भरली. इथे घोडं अडलं. कधीकाळी एका तान्ह्या बाळाच्या झबल्यात सुई राहून गेली होती. बाळाला काही झालं नाही, पण आईने कानाला खडा लावला. तेव्हापासून डबीतल्या बारा सुया भरल्याशिवाय या घरातून शिवलेली चिंधीसुद्धा बाहेर जात नव्हती.

"राहू दे ना आई! एका सुईने काय होतंय?"

"बोटात घुसली की कळेल काय होतंय ते. आतच असणार. भुसा भरताना पडली असेल."

आईने सगळा भुसा वर्तमानपत्रावर ओतला आणि त्यात बोटं फिरवायला लागली. ही तिसरी वेळ. लेक उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. चपला घातल्या, काढल्या. एवढ्यात मामा खिडकीशी येऊन ओरडला, "अगं ताई, बस काही माझ्या सासऱ्याची नाही थांबायला!"

"तू गाडी चालू कर, आलेच आम्ही," आई म्हणाली, आणि लेकीला म्हणाली, "तू जरा त्या मशीनखाली बघ. मला इथे तरी काही दिसत नाहीये."

लेक वाकायला वळली आणि तिथेच थबकली. सुई आईच्या डाव्या बाहीवर होती. मनगटापासून चार बोटांवर टोचलेली. वीतभर लाल दोरा तिच्यातून लोंबत होता, साळिंदराचं नाक शिवून उरलेला. भर दुपारच्या उजेडात ती बाही आईच्या नाकासमोरून पुढे जात होती, मागे येत होती.

आणि आई भुशाकडे बघतही नव्हती. तिची मान खिडकीकडे होती. शोधत होती ती नुसती बोटांनी.

वर्षभर त्या दोघी समोरासमोर बसून बटणं लावत होत्या, काजं करत होत्या आणि दर थोड्या वेळाने आई हात पुढे करून म्हणायची, "ओव गं." ती ओवून द्यायची. कशासाठी, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. उद्यापासून समोर कोणी नसणार.

"मी नाही जात," ती म्हणाली.

आईची बोटं थांबली. "का?"

"सुई सापडत नाहीये ना."

"आज गेली नाहीस तर परत कधी जायची नाहीस. मी ओळखते तुला." आईचा आवाज चढला. "शोध म्हणते ना!"

लेक जवळ येऊन बसली. "किती भुसा लावून घेतलायस," असं म्हणत तिने आईची बाही झटकली आणि सुई अलगद काढून घेतली.

"सापडली. भुशातच होती."

"म्हटलं नव्हतं? आण, पोट बंद करते."

"मी करते."

तिने भुसा परत भरला, अंगठ्याने दाबला, पोट शिवलं. मग रिळं ओढली आणि सुया ओवायला बसली. काळा दोरा सहा सुयांत, पांढरा सहांत, प्रत्येक हातभर लांब. एकेक सुई ती पाठीत टोचत गेली. मामाने हॉर्नवरचा हात काढायचंच सोडलं होतं.

"अगं, करतेस काय एवढं?" आई म्हणाली. "बस गेली तर?"

"झालं."

साळिंदर तिने सोबत घेतलं नाही, मशीनच्या कडेला ठेवलं. "हा इथेच राहू दे. तिकडे बटणंसुद्धा यंत्रच लावतं. मी दर पंधरा दिवसांनी येईन, तेव्हा दोरे भरून देत जाईन."

लेक पाया पडली, चपला घालून दाराशी पोचली, तेव्हा मागून हाक आली.

"ऐक गं."

तिने वळून पाहिलं. आईचा हात साळिंदराच्या पाठीवरून हळूहळू फिरत होता, दोरे चाचपत.

"काळे नाकाकडे टोचलेस की शेपटीकडे?"