हक्कसोडीची साडी

बाबांच्या तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी मी बहिणीला, आचलला, अमरावतीला वकिलाकडे घेऊन गेलो. हक्कसोडपत्र तयार होतं. सहीनंतर बहिणीला द्यायची रीतीची साडीही पिशवीत होती.

आचलने कागद वाचला आणि पर्समधून दुसरा काढून वकिलापुढे ठेवला.

"वडिलांनी संत्र्याचा बगीचा दोन वर्षांआधीच ट्रस्टमध्ये टाकलाय," वकील म्हणाले. "उत्पन्न दोघांना सारखं. ट्रस्टी आचलताई."

मी पिशवी पायाने टेबलाखाली सरकवली. "मले काहून नाही सांगतलं?"

"बाबा म्हने, विपुल सही मांगाले आला तरच दाखवजो," ती खाली पाहत म्हणाली. "मी म्हनलं, मंग हा कागद कधी निघनारच नाही."