क्लूनब्राकचं रिंगण

फेस्टस मोरनने तिसऱ्या खेपेलाही तेच सांगितलं. "तिथं घर नव्हतं, बाई. कधीच नव्हतं."

अट्रॅक्टा डर्कनने फाटकावर नकाशा पसरला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. वारा कागद टिकू देईना.

"हा अठराशे अडतीसचा. हे दोन ओढे मिळतात आणि हा काळा चौकोन. मोजणीदारांनी काय स्वप्नात काढला?"

"मोजणीदार पीत असत."

"आणि हा पन्नास वर्षांनंतरचा. चौकोन गेला आणि नेमकं त्याच जागी मातीच्या बांधाचं गोल रिंगण आलं. असली रिंगणं हजार-दीड हजार वर्षांची असतात. मग पहिल्या नकाशात कसं नाही?"

"भली माणसं कुठं कधी राहायला येतील, ते त्यांना कोण विचारणार?" फेस्टस म्हणाला. परीलोकांचं नाव त्या भागात कुणी उघड घेत नाही, भली माणसंच म्हणतात. "त्यांच्या जागेला माझ्या बापानं कुदळ लावली नाही, मी लावणार नाही. तुम्हीही लावू नका. चहा घेणार असाल तर या."

"तुमचा चहा दोनदा झालाय," ती म्हणाली आणि मोटारीत जाऊन बसली. दार तिने जरा जोरातच ओढलं.

तिकडे स्लायगोच्या इस्पितळात तिचा भाऊ कोलमन रोज एकच विचारत होता, "सापडलं का?" पणजोबांच्या घरातली मूठभर माती आपल्या शवपेटीवर पडावी, एवढंच त्याचं मागणं होतं. डॉक्टरांनी महिनाअखेर सांगितली होती. आज वीस तारीख.

अट्रॅक्टा माहेरची रुआन. पणजोबा मथायस रुआन अठराशे सत्तेचाळीसच्या मोठ्या दुष्काळात पायी स्लायगोत आला. क्लूनब्राक हे गावाचं नाव आणि दोन ओढे, याहून जास्त त्याने कधी सांगितलं नाही. कुणी घराचं विचारलं की उठून बाहेर जायचा.

दोन वर्षं तिने कागद उपसले. चर्चची जन्म-मृत्यूची वही दुष्काळानंतर पंधरा वर्षांनी सुरू होत होती. सरकारी सारापुस्तक दहा वर्षांनंतरचं, त्यात क्लूनब्राकला एकही रुआन नाही. उरले ते नकाशे. तेही एकमेकांना खोटं पाडत होते.

"तुम्ही त्या घराण्याच्या आहात, हे रानाच्या मालकाला, त्या फेस्टसला, कळू देऊ नका," परगण्याच्या ग्रंथालयातली नोरीन तिला पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "इतिहास मंडळासाठी जुनी घरं मोजतेय म्हणा. जमिनीला वारस आल्याचा नुसता वास लागला, तर तो माणूस देवालाही ताकास तूर लागू देणार नाही."

"वास न लागताही देत नाही," तिसऱ्या खेपेनंतर अट्रॅक्टा तिला म्हणाली. "त्याच्या घराण्याने त्यांना हाकललं असणार आणि रान लाटलं असणार. म्हणून हे भल्या माणसांचं सोंग."

"लाटलंही असेल. या परगण्यातलं न लाटलेलं रान दाखवा मला."

कुठल्याही मातीने भागलं असतं, तर अट्रॅक्टाने रस्त्याकडेची उचलली असती. कोलमनशी खोटं बोलणं तिला जमलं नसतं. तिला खात्री हवी होती. खात्री म्हणजे चुलीचा दगड, नाहीतर उंबरा.

रविवारी चर्चची घंटा झाली. फेस्टसचा ट्रॅक्टर वळणाआड गेला, तशी ती कुंपण ओलांडून रानात शिरली. रिंगणाच्या बांधावर काटेरी झाडं दाट होती. कोटाची बाही फाटली, हात ओरबाडला. आत हिरवळ, बाकी काही नाही. तिने तीन ठिकाणी फावडं मारलं. तीनही ठिकाणी नुसती माती. चौथ्यांदा फावडं सपाट दगडावर खणकलं.

"तिथं नको," मागून आवाज आला. फेस्टस धापा टाकत उभा होता, टोपी हातात. वळणावर तिची मोटार दिसली म्हणून तो अर्ध्यातून परतला होता. "दाराशी तरी नको, बाई."

"म्हणजे दार होतं."

तो ओल्या गवतातच बसला. "मंडळाच्या वहीत लिहिणार नसाल, तर सांगतो."

"नाही लिहिणार."

"घर रुआनांचं. नवरा, बायको, सहा पोरं. दुष्काळात ताप आला आणि अख्खं घर गेलं. उचलून न्यायला कुणाच्या अंगात बळ नव्हतं, पेट्याही नव्हत्या. तेव्हा शेजारी असंच करायचे. बाहेरून दोर टाकायचा आणि छप्पर त्यांच्यावर ओढायचं. तीच कबर. इथलं छप्पर माझ्या आजोबांनी ओढलं."

"आणि हे रिंगण?"

"आजोबांनीच बांध घातला, काटे लावले. देवाला न भिणाराही भल्या माणसांच्या जागेत नांगर घालत नाही."

"मग यात लपवण्यासारखं काय होतं?" तिचा राग अजून उतरला नव्हता. "मला तीनदा परत का पाठवलंत?"

फेस्टसने टोपी हातात फिरवली. "छप्पर कोसळलं आणि दाराशी आवाज आला. धाकटं पोर होतं. मार्टिनकाका, मार्टिनकाका, अशी आजोबांना हाक मारत होतं. आजोबांच्या घरी चार लेकरं होती. ताप घरात येईल, या भयाने ते पळाले. सकाळी येऊन बघतात तो आवाज बंद. त्यांनी ते मरताना बापाला सांगितलं, बापाने मला. मला मूलबाळ नाही, माझ्याबरोबर जाईल म्हटलं." त्याने दगडाकडे पाहिलं, पण फार वेळ नाही. "हवी तिथली माती घ्या, बाई. तेवढा दगड उचलू नका. त्याखाली त्या लेकराची हाडं असतील."

अट्रॅक्टाने फावडं खाली ठेवलं आणि त्याच्याजवळ गवतात बसली.

"नसतील," ती म्हणाली. "ते लेकरू माझा पणजोबा."