सात वेढे

डागमाराच्या टॅक्सीत मामांनी काल ट्रकचं इंजिन बसवलं, पण तापमानाचा काटा ‘गार’वरून हलेना. उद्या सान्तियागोचा घाट होता. इंजिन जळलं तर क्युबात दुसरं मिळणार नव्हतं. “गार आहे तर रडतेस कशाला, पोरी?” मामा हसले. तिने सेन्सर काढला, त्याच्या धातूच्या अंगापासून गाडीच्या पत्र्यापर्यंत एक तार जोडली आणि तो तारांसकट आईच्या उकळत्या घेवड्यात बुडवला. काटा शंभरावर गेला. “कार्टे, हा घेवडा तूच खा!” आई ओरडली. सेन्सर चांगला होता, पण आट्यांवर टेप होती. “गळू नये म्हणून सात वेढे दिलेत,” मामा म्हणाले. सेन्सरची वीज आट्यांतूनच इंजिनात उतरते; वेढ्यांनीच तिची वाट अडवली होती. टेप सोलून तिने सेन्सर बसवला, इंजिन सुरू केलं. काटा चढू लागला. सकाळपासून तो हलावा म्हणून तळमळणारी डागमारा आता तो थांबावा म्हणून तळमळली. काटा धोक्याच्या लाल रेघेला टेकताच तिने इंजिन बंद केलं. “आता रडू, मामा?”